गाण्याखालचा माणूस

ऑगस्ट महिन्यात कतारमध्ये चालत्या गाडीचा एसी बंद करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझं नशीब बघा, रोज त्याच्याच शेजारी बसून मला ड्युटीला जावं लागायचं. दोह्यातल्या अल नस्रमधून निघायचं, शहर मागं पडलं की अल खोरच्या रस्त्याला लागायचं, आणि समैस्माची पाटी दिसली रे दिसली की चाचांचा हात एसीच्या बटणाकडे जायचा. "आता जरा गप बस," मला म्हणायचे. मी मुळात बोलतच नसायचो. पहाटेची वेळ, डोळ्यांवर झोप, तोंड उघडायला कोण मोकळं बसलंय! पण त्यांचं म्हणणं असं, की मी श्वास फार मोठ्यानं घेतो. आता श्वास घेणं हा काय गुन्हा आहे का राव?

आम्ही दोघंही रास लफानच्या गॅस प्लँटवर कामाला. ते स्टोअरला, मी प्लॅनिंगला. कंपनीची बस होती, पण ती माझ्या गल्लीत येत नव्हती आणि चाचा माझ्या खालच्याच मजल्यावर राहायचे. त्यांच्याकडे एक जुनी गाडी होती. तिचा एकही भाग मूळचा राहिला नव्हता, टेप तेवढा मूळचा. गाडी विकत घेताना त्यांनी इंजिन पाहिलंच नाही म्हणे, कॅसेट घालून बघितली आणि सौदा खलास. चाचा रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका गावातले कोकणी मुसलमान. मी कोल्हापूरचा. माझ्याशी बोलताना ते शाळेतली मराठी काढायचे, फोनवर घरच्यांशी बोलायला लागले की मात्र त्यांच्या बोलीतलं मला निम्मंच कळायचं.

टेपमध्ये कायम एकच कॅसेट. कॅनडातल्या एका रॉक बँडची. चौघांचा बँड, कधीच मोडलेला. नाव सांगून उपयोग नाही, त्यांच्या देशातसुद्धा आता ते कुणाला आठवत असेल असं वाटत नाही. रॉक म्हटल्यावर मला वाटलं होतं, गणपतीच्या मिरवणुकीसारखा दणका असणार. छे! ढोल असा वाजायचा, की शेजारच्या खोलीत कुणीतरी कपाट सरकवतंय. गिटारवाला एक सूर धरायचा आणि तो सोडायचं नावच घ्यायचा नाही. मागं ऑर्गन, आपली भजनातली पेटी एकच पट्टी दाबून धरली की घुमत राहते ना, तसा. आणि गाणारा बाबा भिंतीकडे तोंड करून गायल्यासारखा. गाणं संपतानाची त्यांची एक रीत होती. सगळे एकदम थांबायचे नाहीत. आधी ढोल जायचा, मग गिटार, मग गाणारा. शेवटी नुसता ऑर्गन उरायचा, आणि तोही कधी थांबला ते नेमकं कळायचं नाही. पहिल्या आठवड्यात मी चाचांना म्हटलं, "चाचा, हे गाणं आहे की गाडीचं बेअरिंग गेलंय?" दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

गाणी कशावर होती, हे मला चाचांकडूनच कळलं, आणि तेही फार उशिरा. कारण चाचा गाण्याचा अर्थ सांगायचे नाहीत, त्यातल्या माणसांच्या खबरी सांगायचे. कँटीनमध्ये डाळ-भात कालवता कालवता म्हणायचे, "त्या दीपगृहवाल्याचं काही खरं नाय. दिवा कधीच बंद पडलाय, सरकारनं घरी जा म्हणून सांगितलंय, तरी रोज वर चढतो."

मी म्हणायचो, "अरेरे. मग जेवणाखाणाचं काय त्याच्या?"

"बायको होती तोवर ठीक होतं."

मला वाटलं, त्यांच्या गावचा कोणी दीपगृहवाला असेल. महिनाभर मी त्या माणसाची चौकशी करत होतो! दुसरी एक बाई होती, तिचा नवरा गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेलेला, आणि ही रोज बर्फावरून त्याला डबा द्यायला जायची. बर्फ वितळला तरी जायची. एक गाव होतं, मासळी संपली म्हणून सगळे घरं टाकून गेले, पण एका बंद घरातला फोन अजून वाजतो आणि वाटेनं जाणारा प्रत्येक जण आपल्याच घरचा आहे असं समजून थांबतो. हे सगळं चाचा असं सांगायचे, की जणू काल संध्याकाळीच कुणाचा निरोप आलाय. ही माणसं गाण्यातली आहेत हे कळल्यावर मी चिडलो. चाचा शांतपणे म्हणाले, "गाण्यातली म्हणून काय झालं? भूक नाय लागत काय त्यांना?"

तऱ्हा तरी किती सांगू! सकाळी फोन उघडला की दोह्याचं हवामान बघायचं नाही, कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याचं बघायचं. तिकडे मे महिन्यातसुद्धा गारठा दिसला की यांच्या गळ्यात मफलर. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं आणि हे मफलर गुंडाळून गेटपाशी पास दाखवतायत; सिक्युरिटीवाला रोज हसायचा, मग तोही हसायचा थांबला. पाण्याच्या ग्लासात बर्फ टाकून ग्लास कानाला लावायचे. बर्फ तडकताना जो बारीक आवाज होतो तो ऐकायचे, आणि मग पाणी न पिताच ग्लास ठेवून द्यायचे. मलाही एकदा लावायला लावला. खरं सांगतो, लांबवर कुणीतरी चालतंय असं वाटलं. पुन्हा मी त्या भानगडीत पडलो नाही.

त्यात माणूस पाच वक्त नमाजी. अजान झाली की टेप बंद, मग गाणं कितीही रंगात आलेलं असो. कुणी टोकलं, की चाचा, एवढे दीनदार तुम्ही आणि हे इंग्रजी गाणं-बजावणं कसलं, तर म्हणायचे, "मी गाणं कुठं ऐकतो?" हे उत्तर आम्हाला विनोद वाटायचं.

बँड का मोडला, असं मी एकदा विचारलं. त्यावर म्हणाले, "चौघांना एकमेकांचं ऐकू येईना झालं असेल. दुसरं काय? पण मोडला म्हणजे काय रे? माणसं उठून जातात. आवाज कुठं जातो?"

ते मला कळलं त्या हिवाळ्यात.

कतारमध्ये थंडीच्या दिवसांत पहाटे कधी कधी असं धुकं पडतं, की गाडीचं बोनेट दिसत नाही. त्या दिवशी आम्ही समैस्मात वळलो, चाचांनी तिथल्या मशिदीत फज्रची, म्हणजे पहाटेची नमाज पढली आणि परत गाडीत बसेपर्यंत रस्ता गायब. यल्ला, हळूहळू जाऊ, मी म्हटलं. चाचा म्हणाले, "थांबू. मरायची घाई नाय." उजाडत होतं, पण उजेड कुठून येतोय ते समजत नव्हतं. समुद्र जवळच होता, त्याचा वास येत होता, दिसत काही नव्हतं. चाचांनी काचा वर केल्या, इंजिन बंद केलं आणि टेप लावला. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं. ढोल गेला, गिटार गेली, गाणारा गेला. ऑर्गन उरला. त्यांनी आवाज पूर्ण वाढवला आणि माझं मनगट धरलं.

ऑर्गनच्या खाली एक माणूस होता.

म्हणजे गात नव्हता. बोलत होता. फार लांबून, एखाद्या बंद दाराच्या पलीकडून बोलावं तसा. शब्द एकही कळत नव्हता, पण बोलण्याची चाल कळत होती. थांबत होता, पुन्हा सुरू करत होता. मध्येच खोकला. मग हसला. ते हसू मी स्पष्ट ऐकलं, आईशपथ, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. कारण गोरा माणूस तसं हसत नाही. कसं हसत नाही हे मला सांगता येणार नाही. पण आपल्याकडचा माणूस लाजून, तोंडावर हात ठेवून हसतो, तसं ते हसू होतं.

"ऐकलास?" चाचा म्हणाले.

"कोण आहे?"

"माजो भाव," ते म्हणाले. माझ्याशी ते त्यांच्या बोलीत पहिल्यांदाच बोलले. "माझा धाकटा भाऊ."

धुकं उठेपर्यंत त्यांनी मला सगळं सांगितलं. धाकटा मालवाहू जहाजावर खलाशी होता. चाचा तेव्हा इथेच, कामगारांच्या कॅम्पात, एका खोलीत आठ जण. धाकट्याचं जहाज आखातातून वर अटलांटिककडे गेलं आणि उत्तरेच्या थंड समुद्रात कुठंतरी एका सकाळी हजेरीला हा नव्हता. पडला असेल, असं कंपनीनं कळवलं. असेल! कुणी पाहिलं नाही, काही सापडलं नाही. पुढं त्याच्याबरोबरचा एक खलाशी, गावचाच, चाचांना भेटायला कॅम्पात आला आणि रडता रडता म्हणाला, "त्यानं आईसाठी दिलेली कॅसेट तरी पोचली ना? मागच्या फेरीला जहाज इथं लागलं होतं, त्याला उतरायला मिळालं नाही, तेव्हा मी तुमच्या खोलीत ठेवून गेलो होतो. तुम्ही ड्युटीवर होतात." चाचांनी सगळी खोली उलथीपालथी केली. आठ जणांचं सामान, ट्रंका, गाद्या. त्याच्या आवाजाची ती कॅसेट मिळाली नाही. कुणीतरी चुकून आपल्या घरी पाठवली असेल, अशी समजूत करून घेतली.

आणि मग काही महिन्यांनी, त्या कॅनडाच्या गाण्यात त्यांना भाऊ सापडला. गाणी त्यांना तो खलाशी यायच्या आधीच एका कॅनडियन सुपरवायझरमुळे मिळालेली. लाल दाढीचा, अबोल माणूस. तो नोकरी सोडून निघाला तेव्हा त्यानं आपली कॅसेट एका दिवसापुरती दिली, चाचांनी ती उतरवून घेतली. तेव्हा नुसती आवडली म्हणून. पुढं एकदा खोलीत एकटे असताना त्यांनी शेवटचं गाणं शेवटपर्यंत ऐकलं. आणि तेव्हापासून त्यांचा हिशोब पक्का झाला. पडला तो उत्तरेच्या समुद्रात. म्हणजे लागला असेल तर कॅनडाच्या किनाऱ्याला. तिथं कुणीतरी उचलला. ओळखपत्र नाही, भाषा नाही, डोक्याला मार. आणि कुठल्यातरी गावात हे चौघे गाणं भरत होते, तिथं तो होता.

"पण चाचा, मग तो घरी का नाही आला?"

"आठवत नसेल," ते म्हणाले. "पण बोलतोय ना! मेलेला माणूस बोलतो काय?"

मला त्यांची कीव आली आणि भीतीही वाटली. त्या दिवसापासून समैस्माची पाटी आली की मीच एसी बंद करायला लागलो.

आता यातली खरी गोष्ट सांगतो. हे नुसतं एका म्हाताऱ्याचं खूळ असतं तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण गावी त्यांची आई होती. नव्वदीकडे झुकलेली, अंथरुणाला खिळलेली. तिला एकच हवं होतं. आपण जायच्या आधी धाकट्याची जनाजाची नमाज व्हावी. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. त्यांच्यात मयत समोर नसली तरी तिची नमाज पढता येते, गायबाना म्हणतात तिला. गावची जमात कधीपासून तयार होती. पण थोरला मुलगा, म्हणजे चाचा, हो म्हणेना, आणि त्याच्या शब्दाबाहेर जायची कुणाची छाती नव्हती.

त्यांच्या बहिणीचा फोन आम्ही ड्युटीवरून परतताना यायचा. स्पीकरवरच असायचा, त्यामुळे मला ऐकावंच लागायचं. एकदा ती माझ्याकडेच वळली. "भाऊ, तुम्ही बाजूला बसलायत ना? तुम्ही तरी सांगा ह्यांना. अम्मा जीव सोडीत नाय. डोळे दाराकडे लावून बसलीय. म्हणते, समुद्रात गेलेल्याला माती नाय मिळाली, दुआ तरी पोचू दे. किती वर्षं पोरगा मध्येच लटकलाय म्हणते."

मी चाचांकडे बघितलं. त्यांनी स्टिअरिंग आवळून धरलं होतं.

"जिवंत माणसाची जनाजा पढू?" ते ओरडले. "माझ्या हातानं पुरू त्याला?"

"भाई, एवढी वर्षं झाली..."

"मी रोज ऐकतो त्याला! रोज!"

मग बहीण म्हणाली, "तुम्ही ऐकता. ती काय ऐकते?" आणि फोन ठेवला. त्या दिवशी चाचांनी टेप लावला नाही.

मला राहवेना. माझं डोकं तसं लवकर तापतं, आणि खोटं गोड बोलणं आम्हा कोल्हापूरवाल्यांना जमत नाही. पुढच्या शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर मी त्यांच्या खोलीत गेलो. भर दुपार, पण त्यांच्या खोलीला खिडकी अशी आतल्या डक्टमध्ये उघडणारी, त्यामुळे दिवा लावलेला. माझ्या फोनवर मी त्या बँडचं तेच गाणं शोधून काढलं होतं. कुणा हौशी माणसानं इंटरनेटवर टाकलेलं. मला वाटलं होतं, बरोबर दाखवीन, की बघा, हा त्यांच्यातलाच कुणी बडबडतोय, तुमचा भाऊ नव्हे. आधी मी ते एकट्यानं मुद्दाम ऐकलंच नव्हतं. हिंमत झाली नव्हती म्हणा.

लावलं. ढोल गेला, गिटार गेली, गाणारा गेला. ऑर्गन उरला. आणि ऑर्गनच्या खाली कुणीच नव्हतं.

स्वच्छ, मोकळा ऑर्गन. एवढा मोकळा की मला ते ऐकवेना. चाचा माझ्याकडे बघत राहिले.

"परत लाव."

परत लावलं. कुणी नाही.

"ह्यांनी पुसला त्याला," चाचा म्हणाले. "बघ. पुसला."

त्यांनी लगबगीनं आपली कॅसेट काढली. कॅम्पातला जुना टेपरेकॉर्डर अजून त्यांच्या कपाटावर होता, त्यात घातली, पुढं नेली. ऑर्गन आला, आणि त्याच्या खालून तोच माणूस. खोकला. हसला. एकाच खोलीत, एकाच गाण्यात, एकदा तो आहे आणि एकदा नाही. मला तिथून उठून पळावंसं वाटत होतं. बाहेर जिन्यात भर दुपारी लोक बोलत होते.

"चाचा," मी म्हटलं, "तुम्ही हे गाणं कशावर भरलं होतं?"

"कशावर म्हणजे? कॅसेटीवर."

"कोरी आणली होती?"

"कोरी कोण घेणार तेव्हा? आणि शुक्रवार होता, दुकानं बंद. सुपरवायझर दुसऱ्या दिवशी जाणार होता." ते सहज सांगत होते, जुन्या दिवसांच्या गोष्टी सांगताना माणूस खुलतो तसे. "आमच्यात पत्रं नव्हती रे. घरच्यांना लिहायचा कंटाळा, कुणाला लिहिताच यायचं नाय. घरून कॅसेट भरून यायची, गावचा कुणी आला की त्याच्याबरोबर. आई बोलायची, बहीण बोलायची, शेजारची बाई मध्येच तोंड घालायची, कोंबडी ओरडायची. ऐकायची, आणि त्याच कॅसेटीवर आपलं बोलणं भरून परत पाठवायची. बिस्किटांचा एक मोठा डबा होता आमच्या खोलीत, ऐकून झालेल्या सगळ्या त्यात. मी त्यातलीच वरची एक..."

आणि ते थांबले.

त्यांचा हात तसाच हवेत राहिला, डब्यातून काहीतरी उचलताना असावा तसा. टेपरेकॉर्डर चालूच होता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघू शकलो नाही.

"वरचीच उचलली," ते म्हणाले. "ऐकून झालेल्या होत्या ना सगळ्या. मला काय माहीत, तो खलाशी ठेवून गेला होता... कुठं ठेवणार दुसरीकडे? डब्यातच ठेवणार."

मी म्हटलं, "चाचा, जुने टेप होते. नीट पुसायचे नाहीत. खालचं राहायचं थोडं."

हे बोललो आणि आपली जीभ झडून का गेली नाही असं मला झालं. पण ते माझ्यावर रागावले नाहीत. त्यांनी कॅसेट मागं नेली, पार सुरुवातीला, आणि आवाज वाढवून कान जाळीला लावून बसले. मीही बसलो. आता कुठं बघायचं हे कळल्यावर तो सगळीकडे ऐकू यायला लागला. ढोलाच्या दोन ठोक्यांमध्ये. दीपगृहवाल्याच्या गाण्यात. तळ्यावर चालणाऱ्या त्या बाईच्या पायाखाली. पहिल्यापासून शेवटपर्यंत तो बोलतच होता, आणि वरून ते चौघे वाजवत होते. शब्द मात्र एकही हाताला लागत नव्हता.

"इतकी वर्षं," चाचा म्हणाले. "इतकी वर्षं बोलतोय रे तो माझ्याशी, आणि मी वर गाणं लावून बसलोय." मग त्यांनी आपल्या तोंडात मारून घेतली. एकदा, पुन्हा एकदा. मी त्यांचे हात धरले. साठीतला धिप्पाड माणूस माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. मीही रडलो, लाज कसली त्यात.

फोन त्यांनीच लावला. मी म्हटलं, आज नको, सावरा जरा. ऐकलं नाहीत. बहिणीनं उचलला, चाचा म्हणाले, "अम्माच्या कानाला लाव." स्पीकरवर आधी फक्त म्हातारीचा श्वास आला.

"अम्मा," चाचा म्हणाले, "त्याची कॅसेट आयलेली. हरवली नव्हती. मी... मी तिच्यावर गाणं भरलं. न ऐकताच भरलं, अम्मा. माझ्या हातानं."

तिकडं बहिणीचं हुंदका दाबणं ऐकू आलं. मला वाटलं, आता म्हातारी शाप देणार, आणि दिला तर चाचा इथंच कोसळणार.

"हाय ती कॅसेट?" म्हातारीनं विचारलं.

"हाय. पण काय कळत नाय, अम्मा. नुसता आवाज."

"लाव."

चाचांनी कॅसेट जरा मागं नेली, फोन टेपच्या जाळीसमोर धरला आणि बटण दाबलं. शेवटचंच गाणं होतं. आम्हाला आता फोन ऐकू येत होता आणि टेपही. ढोल गेला. गिटार गेली. गाणारा गेला. ऑर्गनचा तो लांब सूर, आणि त्याखाली तो.

"हां," फोनमधून म्हातारी म्हणाली.

चाचांनी माझ्याकडे बघितलं.

"हां रे," ती म्हणाली. मग थांबली. खाली तो बोलत होता. तो थांबला तशी ती म्हणाली, "बरो हाय पाय आता. चालतंय." पुन्हा थांबली. तो खोकला. "दवा घेतलीस काय?" ती म्हणाली. मग तो ते लाजरं हसू हसला, आणि इकडं फोनमध्ये म्हातारीही हसली. बरोबर त्याच्या पाठोपाठ, आईला मुलाची थट्टा कळल्यावर ती हसते तशी. कितीही कान दिला तरी आम्हाला तिथं एक शब्द लागत नव्हता, आणि ती अंथरुणावर पडल्या पडल्या त्याला उत्तरं देत होती.

खट्कन टेप बंद पडला. बाजू संपली होती.

"अम्मा," चाचा हळूच म्हणाले, "संपली कॅसेट."

"तुजी संपली," म्हातारी म्हणाली. "त्याचा होऊ दे."

आम्ही दोघं त्या बंद टेपसमोर बसून राहिलो. खोलीत एसीचा आवाज सोडला तर काही नव्हतं. फोनमधून मधूनमधून येत होतं, "हां." थोड्या वेळानं, "हां, बाबा." चाचांचे डोळे त्या टेपवरून हलत नव्हते, आणि माझेही. मग बराच वेळ काही आलं नाही. शेवटी तिनं एक लांब उसासा टाकला.

"काय बोल्लो तो, अम्मा?" चाचांनी विचारलं. "माझ्यासाठी काय बोल्लो?"

"ता मला होता," म्हातारी म्हणाली. "तुला नाय."

आणि जराही न रागावता, घरातलं एखादं राहिलेलं काम सांगावं तशी पुढं म्हणाली, "झाला त्याचा बोलून. आता पढा नमाज."